सतरंजीवरचे धडे

मुलांना योगासनें शिकवावींत कीं नाहींत, हा प्रश्न आतां वादाचा राहिलेला नाहीं. संयुक्त राष्ट्रसंघानें २०१४ च्या डिसेंबरांत तसा ठराव केला आणि २०१५ पासून २१ जून हा दिवस जगभर योगदिन म्हणून पाळला जाऊं लागला. तेव्हांपासून आमच्याकडील शाळांच्या पटांगणांवर त्या दिवशीं सकाळीं हात वर करून उभ्या राहिलेल्या मुलांच्या रांगा दिसतात. हौशी पालक छायाचित्रें घेतात, पाहुणे भाषणें करतात, आणि बावीस तारखेला सारें पूर्ववत् होतें. तथापि ह्या निमित्तानें पुष्कळ आईबापांच्या मनांत एक कुतूहल जागें झालें आहे, हें मान्य केलें पाहिजे. मी रोज सकाळीं घरांतल्या मुलांबरोबर आसनें करतों, हें ठाऊक असलेलीं माणसें मला वाटेंत थांबवून विचारतात, "ह्यानें मुलाचें अभ्यासांत लक्ष लागेल का हो? उंची वाढेल का? हट्ट कमी होईल का?"

ह्या सर्व प्रश्नांत एक मौज आहे. त्यांत बदलावयाचें असतें तें मूल. विचारणारा मात्र जसा आहे तसाच राहणार, हें गृहीत धरलेलें असतें. पावसाळ्याच्या तोंडावर छत्री दुरुस्तीला द्यावी, तसें मूल योगवर्गाला द्यावें आणि तासाभरानें नीट करून परत आणावें, अशी कांहींशी ही कल्पना असते. माझा अनुभव निराळा आहे. आसनें शिकतांना मुलाचें काय होतें तें होवो. शिकविणाऱ्याचें जें होतें, तें मला अधिक महत्त्वाचें वाटूं लागलें आहे. मुलाला आसन शिकविणें ही मोठ्या माणसाच्या पालकपणाची शिकवणी आहे, आणि ती अशी शिकवणी आहे कीं, तींत शिष्य कोण आणि गुरु कोण, हें पुष्कळदां शेवटपर्यंत ठरत नाहीं.

हा अनुभव मला कोणत्या परिस्थितींत आला, तें आधीं सांगावयास हवें. तीन वर्षांपूर्वीं माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान अल्पशा आजारानें वारले, आणि ती आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन पुण्यास आमच्याकडे राहावयास आली. आमची एकुलती एक मुलगी तेव्हां नऊ वर्षांची होती. दोघां मुलांचें गोत्र निराळें असलें तरी ताट एकच झालें, आणि मी एका दिवसांत दोन मुलांचा पालक झालों. एकीचा बाप आणि दुसऱ्याचा मामा.

मामा हें मराठी घरांतलें एक विलक्षण नातें आहे. उष्टावणाच्या दिवशीं पहिला घास मामानें भरवावा, जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढावें, सुट्टींत मामाच्या घरीं जाऊन आंबे खावेत. ह्या नात्याच्या वांट्याला सारें गोड तेवढें आलेलें आहे. पाढे म्हणून घेणें, उशिरां घरीं आल्यास जाब विचारणें, प्रगतिपुस्तकावर सही करण्यापूर्वीं भुंवया चढविणें, हीं कामें बापाचीं. बापानें धाक घालावा आणि मुलानें मामाच्या आड लपावें, अशी ही व्यवस्था पिढ्यान् पिढ्या सुखानें चालत आली आहे. परंतु बापच नाहींसा झाला आणि आड लपावयाची जागा तेवढी उरली, म्हणजे त्या मामानें काय करावें? धाक घातला तर त्याचें मामापण जातें, आणि नुसते लाड केले तर मूल जातें.

त्यांतून माझा भाचा अत्यंत शहाण्यासारखा वागत होता, आणि तेंच सर्वांत कठीण होतें. तो रडत नसे. हट्ट करीत नसे. पानांत पडेल तें मुकाट्यानें खाई. कांहींही सांगितलें कीं "हो, मामा" म्हणे. फ्रिज उघडण्यापूर्वीं मामीला विचारी, आणि माझी मुलगी ज्याच्याशीं "ए बाबा" असें एकेरींत भांडत असे, त्या मला तो "तुम्ही" म्हणे. मूल खोडकर असेल तर त्याला आवर घालतां येतो. पण मूल घरांत पाहुण्यासारखें राहूं लागलें तर त्याला काय म्हणून समजवावें? माझी बहीण रात्रीं माझ्या पत्नीजवळ म्हणे, "वहिनी, हा एकदां तरी रडला तर बरं होईल हो."

सकाळीं सहाच्या सुमारास दिवाणखान्यांत सतरंजी पसरून अर्धा तास आसनें करावीं, हा माझा फार वर्षांचा परिपाठ आहे. पंधरा-वीस दिवसांनीं एके सकाळीं भाचा दाराच्या चौकटीला टेकून पाहात उभा राहिला. दुसऱ्या दिवशींही राहिला. चौथ्या दिवशीं मी कांहीं न बोलतां सतरंजीच्या एका कडेला सरकलों, आणि रिकाम्या झालेल्या जागेंत तो येऊन उभा राहिला. तो आला म्हणून माझी मुलगीही डोळे चोळीत आली. आमचा वर्ग सुरू झाला तो असा.

मी महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवितों. पन्नास मिनिटांचा तास शब्दांनीं भरून काढणें हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे, आणि आम्हां अध्यापकांचा असा समज असतो कीं, सांगितलें म्हणजे शिकविलें. सतरंजीवर हा समज दोन मिनिटांत गळून पडतो. "गुडघा सरळ ठेव" असें म्हटलें कीं मूल तुमच्या तोंडाकडे पाहात नाहीं; तें तुमच्या गुडघ्याकडे पाहतें. तुमचा गुडघा वांकलेला असेल तर त्याचाही वांकतो, आणि तुमच्या व्याख्यानाचा त्यावर तिळमात्र परिणाम होत नाहीं. घरांत इतरत्रही मुलें हेंच करीत असतात. आपण पुस्तकें वाचण्याचा उपदेश करतों आणि हातांत मोबाईल धरून बसतों. मूल उपदेश ऐकतें आणि हात पाहतें. फरक इतकाच कीं, इतरत्र ही गोष्ट लक्षांत यावयास वर्षें लागतात, आणि आसनांत ती तिथल्या तिथें उघडी पडते.

ह्या बाबतींत मला औंधच्या राजांची आठवण होते. सातारा जिल्ह्यांतील त्या लहानशा संस्थानाचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) ह्यांनीं आपल्या शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले, त्यांवर लिहिलें, आणि १९३८ सालीं त्यांचें ह्या विषयावरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. परंतु ह्या प्रचाराचें खरें बळ लेखणींत नव्हतें. ते स्वतः वर्षानुवर्षें रोज नमस्कार घालीत, आणि त्यांच्या घरांतील मंडळीही घालीत. शाळेंतल्या पोरानें नमस्कार घालावेत असें वाटणाऱ्या राजानें त्या पोराच्या आधीं उठून घाम गाळावा, ह्यांत सारी अध्यापनविद्या आली. ह्याच राजानें १९३९ सालीं गांधीजींच्या सल्ल्यानें प्रजेला राज्यघटना दिली आणि सत्ता लोकांच्या हातीं सोपविली. ह्या दोन गोष्टींचा संबंध इतिहासकार जोडोत वा न जोडोत, मला तो जोडावासा वाटतो. जो माणूस रोज सकाळीं जमिनीला कपाळ टेकवितो, त्याला उच्चासनावरून खालीं उतरणें तितकेंसें जड जात नसावें. पालकालाही अधूनमधून खालीं उतरावें लागतें. सिंहासन नांवाच्या आसनांत डोळे वटारून आणि जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढून गर्जना करावी लागते. पन्नाशी उलटलेला प्राध्यापक तें करूं लागला म्हणजे त्याच्या प्रतिष्ठेचें काय होतें, तें सांगावयास नको. माझा भाचा आमच्या घरीं आल्यावर पहिल्यानें हंसला तो माझें सिंहासन पाहून.

दुसरा धडा पाहण्याचा. आपण मुलांकडे दिवसभर पाहतों असें आपल्याला वाटतें. वस्तुतः आपण त्यांची वही, त्यांचें ताट, त्यांचे बूट पाहात असतों. आसनें घेतांना प्रथमच मूल दिसतें. ह्या बाबतींत स्वामी कुवलयानंदांचें उदाहरण माझ्या मनांत सतत असतें. पूर्वाश्रमींच्या जगन्नाथ गणेश गुण्यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केलें आणि त्याच वर्षीं 'योगमीमांसा' हें नियतकालिक सुरू केलें. योगाची थोरवी गाणारे तेव्हांही पुष्कळ होते. पण स्वामींनीं क्ष-किरणांचीं यंत्रें आणि दाबमापकें आणून उड्डियान, नौलि ह्या क्रिया चालू असतांना पोटाच्या आंत नेमकें काय घडतें, तें पाहिलें आणि मग लिहिलें. आधीं पाहावें, मग बोलावें. ही शिस्त प्रयोगशाळेपेक्षां घरांत अधिक अवघड आहे.

मीं पाहूं लागल्यावर मला पहिल्यानें काय दिसलें असेल, तर भाच्याचा श्वास. तो श्वास घेई आणि सोडावयाचें विसरे. खांदे कानांकडे ओढलेले, पोट आंत धरलेलें, जणुं कोणी मागून हांक मारणार आहे आणि आपण तयार असलें पाहिजे. "हो, मामा" म्हणणाऱ्या तोंडानें जें सहा आठवडे सांगितलें नव्हतें, तें त्या खांद्यांनीं एका सकाळीं सांगितलें. त्यानंतर मीं त्याला कोणत्याही प्रश्नाचें उत्तर मागण्यापूर्वीं त्याच्या खांद्यांकडे पाहावयाची संवय लावून घेतली. मुलीच्या बाबतींत तीच संवय उपयोगी पडली. ती खोटें बोलतांना भराभर श्वास घेते आणि खरें बोलतांना हळूहळू, हें ज्ञान मला तिच्या नवव्या वर्षीं झालें.

तिसरा धडा तोल सांभाळण्याचा. मुलगी अंगानें वेताच्या काठीसारखी लवचिक. पश्चिमोत्तानासनांत तिचें कपाळ पहिल्याच दिवशीं गुडघ्याला लागलें. भाच्याचे हात पोटरीच्या पुढें जात ना. मुलीनें त्याच्याकडे पाहिलें, त्यानें जमिनीकडे पाहिलें, आणि तुलनेचा तो जुना विषारी कोंब माझ्या सतरंजीवर उगवूं पाहूं लागला. त्यावर उपाय वृक्षासनानें केला. एका पायावर उभें राहून दुसरें पाऊल मांडीला टेकवावयाचें आणि हात डोक्यावर जोडावयाचे. ह्या आसनांत लवचिकपणाचा डौल चालत नाहीं. कालचें आज येत नाहीं, उजव्या पायावर जमलें तें डाव्यावर जमत नाहीं, आणि मोठ्या माणसाला जमतें तें लहानाच्या देखत हमखास बिघडतें. आम्ही तिघेही डोलत असूं, तिघेही पडत असूं. पडलेल्यानें हंसावें आणि पुन्हां उभें राहावें, असा नियम आपोआप होऊन गेला.

एका पायावर डोलणाऱ्या मुलाला "स्थिर राहा!" म्हणून ओरडल्यास तें तत्काळ पडतें. त्याला धरून ठेवावें तर तोल तुमचा, त्याचा नव्हे. त्याच्या शेजारीं आपण स्वतः शांतपणें उभें राहावें, समोरच्या भिंतीवरील एखाद्या खुणेकडे पाहावयास सांगावें, आणि पडलेंच तर डोकें आपटणार नाहीं इतक्या अंतरावर असावें. मोठ्या माणसाला करण्याजोगें एवढेंच असतें. मुलें वाढविण्याविषयीं मीं पुष्कळ ग्रंथ वाचले आहेत, पण ह्याहून अधिक नेमकी सूचना मला त्यांत आढळली नाहीं.

येथें एखादा चिकित्सक वाचक विचारील, कीं हा सारा गुण योगाचा म्हणावा काय? कडक शिक्षकाच्या हातांत आसनेंही छडीसारखीं वापरतां येतात, त्याचें काय? हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचें उदाहरण आमच्या पुण्याच्याच इतिहासांत आहे. बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) ह्यांचे वडील ते नऊ वर्षांचे असतांना वारले. दुखण्यांनीं पोखरलेला हा मुलगा १९३४ सालीं म्हैसूरला आपल्या बहिणीच्या घरीं राहावयास गेला. बहिणीचे यजमान तिरुमलै कृष्णम्माचार्य हे मोठे योगाचार्य. त्यांनीं ह्या मुलाला आसनें शिकविलीं. पण तें शिक्षण किती धाकाचें होतें, हें अय्यंगारांनीं स्वतः पुढें सांगितलेलें आहे. १९३७ सालीं तो मुलगा पुण्यास आला, आणि त्यानें पुढें साऱ्या जगाला आसनें शिकविलीं. आणि शिक्षक म्हणून त्यांचा स्वतःचा कडकपणाही सर्वश्रुत होता.

पितृहीन मुलगा, आधार देणारें आप्ताचें घर, आणि मध्यें आसनें. ही हकीकत मला परकी कशी वाटेल? मीं तिचा पुष्कळ विचार केला आहे. त्या धाकांतून एक अलौकिक पुरुष घडला हें निर्विवाद आहे. परंतु गुरुकुल आणि घर ह्यांचीं कामें निराळीं आहेत. गुरूनें शंभरांतला एक अलौकिक निवडावा आणि त्याला ऐरणीवर घ्यावें. घरानें तर जो आला त्याला ठेवून घ्यावयाचें असतें. आसनें कोणाच्याही हातांत सौम्य होत नाहींत; ज्याच्या हातांत जातात, त्याच्यासारखीं होतात. म्हणूनच पतंजलींनीं योगाचीं आठ अंगें सांगतांना आसनाला तिसरें स्थान दिलें असावें. त्याच्या आधीं यम आणि नियम येतात, आणि यमांतही पहिली आहे ती अहिंसा. सुमारे दोनशें सूत्रांत प्रत्यक्ष आसनासाठीं त्यांनीं तीनच सूत्रें खर्ची घातलीं आहेत. मुलाचा पाय वांकविण्यापूर्वीं शिकविणाऱ्यानें हा अनुक्रम ध्यानांत ठेवावा.

आतां शवासनाची गोष्ट. आसनें आटोपल्यावर शेवटीं शवासन करावें अशी सर्वत्र रीत आहे. परंतु आमच्या लहानशा वर्गांत आरंभीं आम्ही शेवटीं नुसते मांडी घालून बसत असूं. एके दिवशीं माझी मुलगी शाळेंतून नवें ज्ञान घेऊन आली होती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आसनें संपतांच तिनें उत्साहानें जाहीर केलें, "आतां शवासन! शव म्हणजे मेलेलं माणूस. तसं पडायचं." आणि ती हातपाय पसरून उताणी पडली. भाचा उठला आणि गॅलरींत जाऊन कठड्याला धरून उभा राहिला.

त्यांत मुलीचा कांहीं दोष नव्हता. तिनें शब्दाचा शिकविलेला अर्थ सांगितला होता. मी बसल्या जागेवरून भाच्याची पाठ पाहात होतों. खांदे पुन्हां कानांशीं गेले होते. वाङ्मयाच्या अध्यापकाला मृत्यूविषयीं बोलावयास शब्दांची वाण नसते; दोन-तीन चांगलीं वाक्यें माझ्या जिभेवर आलींही. परंतु सतरंजीवरच्या इतक्या दिवसांच्या संवयीनें मीं तीं गिळलीं, आणि उठून त्याच्या शेजारीं कठड्याला धरून उभा राहिलों. खालीं दूधवाला आला, वर्तमानपत्रवाला गेला. मग मामीनें चहासाठीं हांक मारली आणि आम्ही आंत आलों.

पुढें दोन दिवस आम्ही पूर्वीप्रमाणें बसलों. तिसऱ्या दिवशीं भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही करा तें. आम्ही बसतों." मी आडवा झालों आणि डोळे मिटले. कांहीं वेळानें माझ्या छातीवर एक लहानसा तळहात टेकल्याचें मला जाणवलें. मी हाललों नाहीं. नेहमींपेक्षां थोडा दीर्घ श्वास घेतला, सावकाश सोडला, पुन्हां घेतला. "चालू आहे," तो हलक्या आवाजांत म्हणाला. मला नव्हे, माझ्या मुलीलाही नव्हे. स्वयंपाकघराच्या दाराशीं माझी बहीण उभी होती. तिची पावलें आंत वळल्याचें मला ऐकूं आलें.

हा क्रम दहा-बारा दिवस चालला. मी पडे, आणि तो हात ठेवून बसे. एके सकाळीं त्यानें विचारलें, "मामा, शवासनांत श्वास चालूच असतो ना?"

"हो रे. तोच तर पाहायचा असतो."

"मग त्याला शवासन कां म्हणतात?"

मीं थोडा विचार केला आणि म्हटलें, "नांव जुनं आहे."

हें उत्तर त्याला पुरेसें वाटलें असावें. तो माझ्या शेजारीं आडवा झाला आणि माझ्या मुलीला म्हणाला, "तूं हात ठेव. उचलूं नकोस." तिनें ठेवला. कांहीं वेळानें मीं मान वळवून पाहिलें, तों त्याचे डोळे मिटलेले होते आणि पाण्याची धार कानांत उतरत होती. आवाज नव्हता. मुलीनें माझ्याकडे पाहिलें. मीं मान हालवून तिला हात तसाच ठेवावयास सुचविलें. त्या दिवशीं दुपारीं भाच्यानें कोणालाही न विचारतां फ्रिज उघडला, दुधाचें पातेलें काढलें आणि तें झांकण न ठेवतां ओट्यावर तसेंच टाकलें. मामी त्याला चांगलीच रागावली. तो तिला उलट बोलला. घरांत पुष्कळ दिवसांनीं बरें वाटलें.

परंतु मामाचा प्रश्न अजून सुटलेला नव्हता, आणि तो सतरंजीबाहेर सुटावयाचा होता. पुढें चारपांच महिन्यांनीं गणिताच्या चांचणींत भाच्याला पंचवीसपैकीं नऊ गुण मिळाले. त्यानें कागद माझ्यापुढें ठेवला. मीं आधीं खांदे पाहिले, मग कागद पाहिला, आणि कोणत्या उदाहरणापाशीं तोल गेला तें त्यालाच शोधावयास सांगितलें. दोषाचें मूळ अपूर्णांकांत निघालें. मीं त्याला सांगितलें कीं, रोज संध्याकाळीं सात वाजतां वही घेऊन माझ्याजवळ बसावयाचें. दोन दिवस तो बसला. तिसऱ्या दिवशीं खालीं क्रिकेट रंगांत आलें होतें. मीं गॅलरींतून हांक मारली तेव्हां तो पायऱ्या आपटीत वर आला आणि मुलांच्या देखत बोलावल्याच्या संतापानें ओरडला, "तूं काय माझा बाबा आहेस?"

मला तो प्रथमच "तूं" म्हणाला होता. बहीण दचकून बाहेर आली आणि त्याच्यावर हात उगारणार, तों मीं तिला थांबविलें. दोन श्वास गेले. मग मी म्हणालों, "नाहीं. मी मामाच आहें. सात वाजले, वही घेऊन ये."

तो आला, पण सात वाजून दहा मिनिटांनीं. अपूर्णांकांची बेरीज झाली. नऊ वाजतां जेवतांना तो मला म्हणाला, "मामा, तूं लोणचं इकडे दे ना." तेव्हांपासून तें "तूं" कायम आहे.

एका सुपरिचित सुभाषितांत असें सांगितलें आहे, कीं पहिलीं पांच वर्षें मुलाचे लाड करावेत, पुढचीं दहा वर्षें त्याला धाकांत ठेवावें, आणि सोळावें लागलें कीं त्याच्याशीं मित्रासारखें वागावें. वर्षांची ही वांटणी सोयीची आहे, पण ती खरी नाहीं. लाड, धाक आणि मैत्री हीं एकामागून एक येत नाहींत. एकाच संध्याकाळच्या दोन तासांत तीं तिन्ही लागतात. पतंजलींनीं आसनाचें लक्षण देतांना दोनच गुण मागितले आहेत. तें स्थिर असावें आणि तें सुखाचें असावें. टीकाकारांनीं ह्यावर पुष्कळ लिहिलें आहे. मला मात्र त्यांत आमच्या घरचीं दोन नातीं दिसतात. स्थैर्य बापाच्या वांट्याचें आणि सुख मामाच्या वांट्याचें, अशी वांटणी आपण करून ठेवली आहे. सुखावांचून स्थैर्य म्हणजे जुलूम, आणि स्थैर्यावांचून सुख म्हणजे आळस. दोहोंपैकीं एकानें आसन होत नाहीं. ज्याला बाप नाहीं त्या मुलाच्या मामालाच दोन्ही व्हावें लागतें असें नव्हे. प्रत्येक बापाला थोडें मामा व्हावें लागतें, आणि प्रत्येक आईला दोघांचेंही थोडें काम करावें लागतें. शब्दांनीं हें पटवून देणें कठीण आहे. एका पायावर उभें राहून तें दोन मिनिटांत कळतें.

ह्यावरून माझा भाचा आतां आज्ञाधारक झाला आहे असें कोणी समजूं नये. तो तेरा वर्षांचा आहे. मोबाईलवरून रोज भांडण होतें, आणि अपूर्णांक गेले तरी बीजगणित आलें आहे. सकाळच्या वर्गाला तो आठवड्यांतून तीन दिवस येतो, दोन दिवस झोपतो आणि दोन दिवस दमदाटीनें येतो. मुलीला आतां नाचाचा नाद लागला आहे. योगानें मुलें साधुसंत होतात असें मला आढळलेलें नाहीं, आणि तशीं तीं झालेलीं मला आवडलींही नसतीं.

तरीही कोणास हा प्रयोग घरीं करून पाहावयाचा असल्यास त्यासाठीं फारसें साहित्य लागत नाहीं. सकाळची वेळ, रिकामें पोट आणि वीस मिनिटें पुरेत. लहान मुलांना श्वास कोंडून धरावयास लावूं नये, आणि जाणत्या शिक्षकावांचून त्यांना डोक्यावर उभें करूं नये. बक्षीस ठेवूं नये, तुलना करूं नये, छायाचित्र काढूं नये. जें मुलानें करावें असें वाटतें, तें आधीं आपण करावें आणि चुकलें तर त्याच्या देखत चुकूं द्यावें. मूल आलें नाहीं तर त्याला बोलावूं नये. आपण एकट्यानेंच आसनें करावींत. मात्र सतरंजी जरा मोठी पसरावी आणि आपण एका कडेला उभें राहावें.